जनगणना

मूस जॉमध्ये उणे एकतीस,
आमच्या तळघरात मात्र बारमाही एकवीस,
हवेतला ओलावा मोजून चाळीस टक्के.
वर आईचे गुडघे थंडीनं कुरकुरायचे,
पण हीटर खाली.
खाली लिओ पेल्शा राहायचा.

अकरा लिओ, अकरा प्लास्टिकच्या पेट्यांत,
प्रत्येकाच्या डोक्यावर छापलेलं: दहापैकी दहा.
एका हंगामापुरता गोलकीपर,
मिशी नुकती फुटलेली, डावा डोळा अर्धा मिटलेला.
एकोणऐंशी सालचं हॉकीचं कार्ड,
च्युइंगमचं पाकीट फोडल्यावर
पोरांनी सगळ्यात आधी फेकलं असेल असं.

प्रत ठरवणारी कंपनी शिरगणती जाहीर करते:
लिओ पेल्शा, दहावाले, जगात चौदा.
बाबा पहाटे उठून तो आकडा बघायचे,
आजाऱ्याची नाडी बघावी तसा.
रात्रीतून पंधरा तर झाले नाहीत?

भाव चढत होता. मी वही उघडून पाहिली:
शेवटच्या पाच खरेद्या, पाचही आमच्याच.
एवढी टंचाई कुणाला आहे, मी विचारलं.
बाजाराला, ते म्हणाले.
बाजार तेव्हा माझ्यासमोर
भोक पडलेले लोकरी मोजे घालून
सूप फुंकत बसला होता.

मग एका रविवारी खुद्द लिओ आला.
स्विफ्ट करंटहून, गाडी चालवत, एकाहत्तराव्या वर्षी.
नातीला खरं वाटत नाही मी खेळलो ते, म्हणाला.
माझ्याकडची सगळी वाटून टाकली, ऑरेस्ट,
एखादं असेल तर.

बाबांनी त्याला खाली नेलं. अकराही दाखवले.
त्यानं एक उचललं, प्लास्टिकवरून अंगठा फिरवला
आणि खिशातलं पेन काढलं.
सही करून देऊ का?
बाबा इतक्या जोरात नाही म्हणाले
की वर आईच्या हातून चमचा पडला.

त्याला कॉफी दिली. केक दिला.
कार्डाचं बघू म्हणाले, वसंतात.

मार्चमध्ये लिओ गेला.
त्या आठवड्यात भाव दुप्पट झाला,
आणि बाबा दोन दिवस तळघरात उतरले नाहीत.
तिसऱ्या दिवशी उतरले.

मी चौथ्या दिवशी. स्क्रूड्रायव्हर घेऊन.
पेटी फुटताना नखाएवढा आवाज झाला.
कार्ड किती हलकं होतं.
कोपरा माझ्याच हातानं दुमडला, जरासाच.
पाकिटावर नातीचं नाव घातलं: ब्रिएल पेल्शा.

दहाच उरलेत हे बाबांनी पाहिलं असणार.
बोलले नाहीत. पेट्या जरा सरकवून
मधली फट बुजवली.

कंपनीच्या यादीत आजही चौदाच आहेत.
तेरा आहेत हे फक्त आम्हा दोघांना माहीत,
आणि मला रात्री कधीकधी वाटतं,
मीही शेवटी बापाचंच काम केलं:
एक कमी केलं.