निळं लावून बघ

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
पत्र्याच्या केबिनीतला कॉम्प्युटर बंद पडतो
रोज अकराच्या सुमाराला, चहाच्या तोंडावर.
आज मी साडेदहालाच गेले.

कॅबिनेट उघडलं तर फाउंड्रीची काळी माती
पंख्याच्या पात्यांवर सायीसारखी धरलेली.
ब्रश फिरवला. चार स्क्रू. हीटसिंक
जरा पिळून उचलला, तशी खालची पेस्ट
भिंतीच्या चुन्यासारखी पापुद्र्यानं सुटली.

"किती तापतोय?" मिस्त्रींनी स्टूल ओढलं.
अठ्ठ्याण्णव, म्हटलं.
ते हसले, तोंडातली सुपारी सांभाळत.
"आमच्याकडं चौदाशेला कुठं लोखंड पातळ होतंय,
आणि तुझा ह्यो शंभराच्या आतच मान टाकतोय व्हय?"

मग स्पिरिट, मलमलीचा तुकडा.
पुसता पुसता प्रोसेसरच्या पाठीवर
माझ्या नखाची सावली दिसायला लागली.
हीटसिंकचा तांब्याचा तळही तसाच.
"आरशाला आरसा लागतोय की.
मधे हे राखाडी मलम कशाला?"

मी सांगायला लागले, की बारीक पोकळ्या असतात,
त्यात हवा अडकते, आणि हवा म्हणजे
त्यांनी हात वर केला.
चाळीस वर्षं स्क्रेपर धरलेला हात,
अंगठा कायमचा बाहेर वळलेला.
हीटसिंक माझ्याकडून घेतला, न विचारता.
ड्रॉवरमधून डबी काढली, निळा रंग, वाळून खडा झालेला.
तेलाचा थेंब. बोटानं घोटत बसले.
सरफेस प्लेटवरची गोधडी बाजूला केली
(तिच्यावर जेवणाचा डबा टेकवला तर शिव्या खाव्या लागतात),
फुंकरीएवढा थर दिला
आणि तांबं त्यावर ठेवून एकदा,
एकदाच, फिरवलं.

उलटं केलं.
दोन कोपऱ्यांना निळं. पोटाशी एक ठिपका.
बाकी सगळं कोरं.

"बघ पोरी. एवढंच भेटतंय."

राजारामपुरीच्या बेसमेंटमध्ये बसून
सहा वर्षं मी ट्यूब पिळते आहे.
हे कधी बघितलं नव्हतं.

पलीकडं त्यांचा तौफिक, पाठ करून,
नव्या मशीनच्या काचेपुढं उभा.
तो म्हणतो आता निळं लागत नाही,
मशीनच सपाट काढते.
हे मला त्यानं नाही, मिस्त्रींनी सांगितलं,
तेही तो ऐकेल इतक्या आवाजात.

निळं पुसलं. मधोमध मसुराएवढा ठिपका टाकला.
"एवढ्यानं काय होतंय? घाल की दणकून."
"न्हाई मिस्त्री. जास्त झालं की तेच आडवं येतंय.
फटी भरण्यापुरतंच घालतो मी."

ते गप्प झाले.
सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

स्क्रू तिरके, समोरासमोरचे, अर्धा अर्धा वेढा.
हे त्यांना सांगावं लागलं नाही.
माझ्या आधी त्यांची नजर पुढच्या कोपऱ्यावर.

चालू केला. बेचाळीस. अठ्ठेचाळीस.
एकावन्नला थांबला.
अकरा झाले. सव्वाअकरा. चहा आला.
तौफिक हात पुसत आला, आकडा बघून मान हलवली,
मग प्लेटकडं बघितलं.
"निळं कुणी काढलं?"

मिस्त्री बोलणार होते. पुष्कळ बोलणार होते,
गळ्याची शीर दिसत होती.
बशीत चहा ओतला. फुंकर मारली.
"मी," म्हणाले.

पोरगा जरा वेळ उभाच राहिला.
मग खिशातून सकाळचा एक जॉब काढला,
प्लेटवर ठेवला, बोटाच्या टोकांनी
एकदाच फिरवला.

उलटा केला तेव्हा मी बॅग भरत होते.
काय उमटलं ते मला दिसलं नाही.
दोघांची डोकी मधे आली.