कानाडोळा

आधी माझं नाक गेलं.
मग ओठ, मग चाळीस वर्षं तिला न आवडलेली मिशी.
युगेत म्हणाली, तुझ्या चेहऱ्यावरून
कुणीतरी ओला अंगठा फिरवलाय, नुमा,
कडा तेवढ्या उरल्यात:
कान, टोपी, मागचं कपाट.

साँ-इमिएच्या कारखान्यात एकतीस वर्षं
तिनं तिळाहून बारीक चाकं जागेवर बसवली,
सुईच्या टोकावरचा तेलाचा थेंब
माणकाच्या भोकात सोडला,
डोळ्यांत तेल घालून म्हणतात ते हेच असणार.
आणि विझला तो नेमका मधलाच ठिपका,
जिथं ती भिंग धरायची.
बाकी सगळं शाबूत.
चोरानं घर तसंच ठेवून
फक्त चूल उचलून न्यावी, तसं.

हिवाळ्यात पाहुणे आले.
बर्फावर निळ्या टोप्यांची बुटकी माणसं,
भिंतीवर कधीच न बसवलेल्या जाळीदार फरशा,
एकदा तर सूपच्या ताटलीत नेच्याची पानं.
तीन आठवडे तिनं मला सांगितलं नाही.
वेड लागलं म्हणतील, म्हणून
पानं चमच्यानं बाजूला सारून
मुकाट सूप प्यायली.

बिएनचे डॉक्टर हसले नाहीत.
म्हणाले, मेंदूला कोरी पाटी सोसत नाही, मादाम.
बाहेरून काही येईना झालं
की तो जुन्या वह्या काढतो
आणि स्वतःच काहीबाही गिरवत बसतो.
हे वेड नाही, बेकारी आहे.
त्याला काम द्या.

काम घेऊन मिर्येता आली,
दर मंगळवारी, बुटांचा बर्फ दारात झटकून.
पुठ्ठ्यावर मोठं घड्याळ, काट्यांविना,
मध्यभागी एक अक्षर.
"अक्षराकडे बघू नका. बाराकडे बघा.
आता एककडे. आता दोन."
दोनवर युगेत थांबली.
"एम," ती म्हणाली. भिंतीला.

घड्याळवालीला घड्याळ शिकवतेस होय, मी पुटपुटलो.
मिर्येतानं माझ्याच डोक्यामागे,
मानेच्या जरा वर, बोट टेकवलं.
"डोळा बरा होणार नाही, मस्यू.
शिकायचंय ते इथल्याला.
त्याला पटवायचंय की मध्य आता तिथं नाही, इथं आहे.
सत्तर वर्षांची सवय आहे त्याला,
चिडेल, पुन्हा पुन्हा जुन्या जागी जाईल."

गेलाच. अख्खा फेब्रुवारी.
कॉफी बशीत, बटण भलत्याच काजात.
एकदा पुठ्ठा तिनं शेगडीवर भिरकावला,
मी चिमट्यानं ओढून काढला
तर कोपरा जळालेला, अकराचा आकडा गेलेला.
"अकराचं काही अडत नाही," ती म्हणाली
आणि दोनकडे बघत बसली, वीस मिनिटं,
स्वयंपाकघरातला टायमर वाजेपर्यंत.

मला कुणी काही शिकवलं नव्हतं.
ती बोलायची माझ्याशी
आणि नजर माझ्या डाव्या कानाच्या जरा वर,
मागे दुसराच कुणी नुमा उभा असल्यासारखी.
भांडणात तर फारच.
एकदा मी वळून पाहिलंसुद्धा.
कपाट होतं.
कानाडोळा करतेस, मी म्हणालो,
जन्मभर केलास, आता उघडउघड करतेस.
तिनं उत्तर दिलं नाही. तेही कपाटालाच दिलं नाही.

एप्रिलात एका सकाळी
दाढी उरकून मी बाहेर आलो.
ती खिडकीशी, पावाला लोणी लावत.
मान वर केली, थेट माझ्याकडे रोखून पाहिलं,
पूर्वीसारखं, आणि मी सुखावलो,
आणि तिला काहीच दिसलं नाही.
मग नजर सरकली,
हळू, आपली वाट ठाऊक असलेल्या माणसासारखी,
दोनवर. कानावर. कपाटावर.
"हनुवटीला कापलंस," ती म्हणाली.
सुरी लोण्यात तशीच राहिली.
"आणि मिशी कुठाय, नुमा?"

मिशी काढून नऊ दिवस झाले होते.
मी काही बोललो नव्हतो.