ङ-सहा

वहीत रांगा ए ते जे.
माझ्या डोक्यात मात्र क ते ञ:
दहा अक्षरं, अक्षराला दहा पिंजरे,
शेवाळात निम्मे रुतवलेले,
तोंडं कुजक्या ओंडक्यांकडे.
आत मूठभर ओट, सफरचंदाची फोड, गवताची गादी,
आणि चिचुंद्र्यांसाठी चिमूटभर अळ्या,
कारण त्यांना धान्य चालत नाही
आणि उपास तर अजिबातच नाही.

एस्टोनियातला माझा हा सहावा सप्टेंबर.
आम्हाला कोठी भाड्याने देणारा लेम्बित
दरवर्षी तेच विचारतो: यंदा किती उंदीर?
एकदा त्याला आमची म्हण सांगितली,
डोंगर पोखरून उंदीर काढण्याची.
तो बराच वेळ हसलाच नाही.
मग म्हणाला, "इथे डोंगर कुठला?
सगळ्यात उंच माझी गवताची गंजी.
तुम्ही थेट उंदरापासून सुरुवात केलीत, बरं केलंत."

पहाटे साडेपाच. कपाळावर दिवे.
मारेट मोजते, सिल्वर लिहितो
(इकडे हे मुलाचं नाव असतं; वय एकोणीस, कान कायम लाल),
मी पिंजरा पिशवीत उपडा करते.
मानेची सैल कातडी दोन बोटांत,
मग ताणकाट्याला टांगलेला जीव,
पिशवीसकट सव्वीस.
पिशवी वजा: एकोणीस ग्रॅम.
मादी. पाठ तांबूस. डाव्या मांडीवर केस कातरलेले,
म्हणजे आपलीच, कालची, परवाचीही.
ओटांसाठी रोज तुरुंगात येते ही बया,
सोडली तरी पळत नाही,
माझ्या बुटावर बसून मिशा पुसते.

चौथ्या रात्री पारा उतरला.
म्हणून अकराची जादा फेरी, पावसात.
ङच्या रांगेत एक स्प्रूस आडवा पडलेला,
आम्ही त्याला वळसा घातला.
ङ-पाच. मग झाड. मग ङ-सात.
"सहा?" सिल्वरने विचारलं असावं.
मी "हो" म्हटलं असावं.

शाळेतल्या तक्त्यावर क ला कमळ होतं, ग ला गणपती,
आणि ङचा चौकोन कोरा.
त्याने एकही शब्द सुरू होत नाही, बाई म्हणायच्या.
आजवर मीही त्या चौकोनाला काही जोडलं नव्हतं.

सकाळी दार बंद. पिंजरा हलका.
कधीकधी नुसत्या वाऱ्यानेही पडतं दार,
तसंच असेल म्हणून उपडा केला.
चिचुंद्री.
सात ग्रॅम, पिशवी वजा.
अळ्या संपलेल्या. ओट जसेच्या तसे.
गवत तिने नीट गोल करून घेतलं होतं.
लांबुडकं नाक अजून पुढे,
कशाचा तरी माग काढत असल्यासारखं.

फॉर्मवर रकाना आहे: मृत, होय की नाही.
कोणामुळे, याला रकाना नाही.
सिल्वरची पेन्सिल थांबली.
शेरा लिही, म्हटलं: रात्री तपासायचा राहिला.
पुढे माझं नाव घाल.
त्याने घातलं, इथल्या सवयीने
एक जादा स्वर टाकून.
मी दुरुस्त केलं नाही.

शेवटच्या दिवशी लेम्बितच्या सौनाच्या गरम पाण्यात
पिंजरे घासले, कुंपणावर वाळत घातले.
मारेट म्हणाली शंभर.
रात्री बॅटरी घेऊन मी पुन्हा मोजले.
नव्याण्णव.
पुन्हा. नव्याण्णव.
मग बूट चढवून जंगलात,
पडलेल्या झाडावर चढून, वळसा न घालता,
थेट ङ-सहाला.
शेवाळात फक्त एक फिकट चौकोन.

परतले तर कोठीत दिवा.
शंभरावा धान्याच्या पोत्यांमागे,
आत काळ्या पावाचा जाड तुकडा, वर लोणी.
लेम्बित ओशाळून म्हणाला,
"सहा वर्षं बघतोय. म्हटलं, मलाही एक पकडू दे."

मी वाकून पाहिलं.
दाराखाली त्याने आगपेटीची काडी अडकवली होती,
पडू नये म्हणून.