पाचवा झेंडा

डोंगराच्या कुशीत, रस्त्याच्या कठड्याला लागून
पत्र्याची टपरी, तीत माझी खुर्ची.
खाली फॉल्स बे.
जुने खलाशी वाट चुकले आणि दोष पाण्याला दिला,
ते नाव अजून चालतं.

पहिल्या आठवड्यात सॉलोमन्स मास्तरांनी
तीन नावं घोकून घेतली,
माणसाला सर्वांत जास्त नडलेल्या तिघांची:
पांढरा, वाघ, बैल.
वाघ कोमट पाण्यातला, आपल्याकडे सहसा नाही.
बैल तर नदीतसुद्धा चढतो, गढूळ गोड्या पाण्यात.
आपल्या वाट्याला पांढरा.
मी विचारलं, समुद्रातल्यांना रानातली नि गोठ्यातली नावं कशाला?
ते म्हणाले, थोझामा, दुर्बीण पूस.

झेंडे चार.
हिरवा: पाणी नितळ, कुणी नाही.
काळा: काही दिसत नाही.
लाल: मघाशी होता, जवळपास असेल.
आणि पांढऱ्यावर काळा मासा. तेव्हा भोंगा.

चित्रात दाखवतात तसे दात वरून दिसत नाहीत.
दिसते एक सावली, वाळूवर तिचीही सावली,
पाळी संपवून सायकल ढकलत
घरी निघालेल्या माणसाइतकी निवांत.
एकदा ती एका पोराच्या फळीखालून गेली,
तो घड्याळाचा पट्टा आवळत होता.
किनाऱ्यावर आल्यावर माझ्या भोंग्यालाच शिव्या घातल्या त्याने.
घालू देत.

ग्रँव्हिल गेला तेव्हा काळा झेंडा होता.
चौकशीत लिहिलं: कुणाची चूक नाही.
लिझल अरेंडसे, त्याची आई,
मासळीच्या दुकानात काम करते.
वर्षातून एकदा चढ चढून येते,
कागदात गुंडाळलेले गरम तळलेले गोळे आणते,
हात पुसून दुर्बीण मागते.
पाहत राहते.
मी तिला कधी विचारलं नाही, दिसला तर काय करशील.

मग ओर्का आले, दोन.
किनाऱ्याला पांढरे लागू लागले,
आख्खे, फक्त काळीज काढून नेलेले.
नाही, यकृत. मास्तर असते तर चुकीला खूण केली असती.
त्यानंतर माझ्या वहीत
तारीख, वेळ, वारा,
आणि शेवटचा रकाना कोरा.
आता तर वर्षं मोजायचंही सोडलं.

यंदा लिझल आली. गोळे गार झाले तरी
तिने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.
"गेले?" म्हणाली.
"गेले असतील."
"सगळे?"
मी वाऱ्याची दिशा लिहीत राहिले.
"मग तोही," ती म्हणाली,
आणि असं रडली, की मला कळेना
हे कुणासाठी.

ती उतरून गेल्यावर हिरवा चढवला.
दोरी हाताला काचली.
हिरव्याचा अर्थ होता, आत्ता नाही.
आता कधीच नाही, याचा झेंडा
मास्तरांनी शिवूनच घेतला नव्हता.
खाली कुणीतरी पोहायला उतरत होतं,
टोपी सारखी करत, पाठ माझ्याकडे.
मी दुर्बीण पुसली.