पाचशे बारावं पोतं

उदगीरच्या डाळमिलीत पट्ट्यावरून
पाचशे अकरा पोती गेली,
पाचशे बारावं जाताजाता लाइट गेली.
पाऊण तासानं आली तेव्हा
मोजणीच्या डबीवर लाल आकडा: २५६.

मुनीम म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही.
टोळी म्हणाली, मग आमच्या पाठीला विचारा.
मला फोन आला, कारण डबी माझी.
देगलूर रोडच्या दुकानात, पंख्याखाली,
मीच डाग दिलेला एकेका पायाला.

झाकण उघडलं. नखाएवढी चिप.
आत हजार चोवीस खोल्या,
लाइट गेली तरी ज्यांना विसर पडत नाही
(असं मी गिऱ्हाइकांना सांगतो).
एका खोलीत दोनशे पंचावन्नच्या वर मावत नाही,
म्हणून मोठा आकडा दोघींत वाटून ठेवायचा.
पाचशे अकरा: थोरलीत एक, धाकटी काठोकाठ.
पाचशे बारा: धाकटी रिकामी करा, थोरलीत दोन लिहा.
धाकटी रिकामी झाली होती.
थोरलीला साडेतीन मिलिसेकंद हवे होते,
पापणी लवायला याच्या तीसपट लागतात.
तेवढ्यात निम्म्या दिवसाची हमाली गेली.

सोजरबाई पोत्यांची तोंडं शिवते.
तिच्यामागं भिंतीवर खडूच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
मोजल्या. पाचशे बारा.

रेघ कधी ओढता?
"पोतं थप्पीला टेकलं की. हातात असताना न्हाई,
हातातलं पडतंय कवाकवा."
आणि कालच्या रेघा अजून कशा?
"आजचं पुरं हुईपस्तोर कालचं कामून पुसू?
आन एकाच जागी पुसपुसून भिंत गुळगुळीत हुती,
खडू धरत न्हाई. मग म्या सरकते."

मी रिकाम्या बारदानावर बसलो, लॅपटॉप मांडीवर.
तेच लिहिलं, माझ्या भाषेत.
सोळा जागा, गोल. दरवेळी पुढच्या जागेवर सरकायचं.
आधी अनुक्रम आणि आकडा, मग तोच आकडा उलटा करून, साक्षीला.
सगळ्यात शेवटी खूण.
खूण नाही, तर ते पोतं अजून हातात आहे,
मागच्या जागेवर विश्वास ठेवायचा.
कोऱ्या खोलीत शून्य नसतं, दोनशे पंचावन्न असतात;
कोरेपणाला आकडा समजायचं नाही.

आणि वीज जाते ती फट्‌दिशी जात नाही, उतरते.
उतरत्या विजेत चिपला झिंग येते,
हात लागेल तिथं लिहीत सुटते.
म्हणून दारावर एक पहारेकरी:
चार व्होल्टच्या खाली लेखणी खाली ठेव, झोप.

मग मेन स्विच पाडला. उचलला. पाडला.
साठ वेळा. मालक घड्याळाकडं बघत होता,
डाळीची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती.
एकोणसाठ वेळा बरोबर.
एकदा एक पोतं कमी.

"एक कुठं गेलं?" सोजरबाईनं विचारलं.
मी तिचंच उत्तर तिला दिलं:
टेकलं नव्हतं, हातात होतं.

तिनं सुतळी दातानं तोडली.
"टेकलं नसंल.
पर म्या शिवलेलं तर हुतं की."

मग उठून, भिंतीवरच्या कोऱ्या जागेवर
तिनं एक रेघ ओढली.