भरलेलं कार्ड उलटं ठेव

लोकेश, बस. सावद्याची गाडी यायला अजून पाऊण तास आहे.
हा डबा बघ. सुपारीचा.
आतला फोम सोफावाल्या हमीदभाईनं कापून दिला.
आठ कार्डं. प्रत्येकावर नेलपॉलिशनं आकडा.
बाटली बायकोची, रंग डाळिंबी;
स्केचपेन मे महिन्याच्या घामानं पुसतं.
रिकामं कार्ड सुलटं. भरलेलं उलटं.
एवढं जरी अंगात भिनलं
तरी अर्धा फोटोग्राफर झालास.

घेताना भलं मोठं घ्यायचं नाही.
एका कार्डात अख्खं लग्न घालणं म्हणजे
सगळं वऱ्हाड एकाच ट्रकमध्ये बसवून घाट उतरणं.
मी बत्तीसची चार लावतो.
एक गेलं तर तीन घरी पोचतात.
वेग बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो वाच.
हार पडायला पाव सेकंद लागतो
आणि हळू कार्ड लिहीत बसतं, तलाठ्यासारखं.

लाल दिवा लुकलुकतोय तोवर झाकण उघडू नको.
जेवत्या माणसाला ताटावरून उठवतो का आपण?

आणि बिल घे.
नवं कार्ड आणलंस की आधी काठोकाठ भर,
केळीच्या खोडांचे, पंख्याचे, स्वतःच्या पायांचे, कशाचेही फोटो काढ
आणि उघडून बघ,
पहिला फोटो अजून जागेवर आहे का.

मी बघितलं नव्हतं.

फैजपूर. भिरूडांच्या मंजूषाचं लग्न, गोरज मुहूर्त.
कार्डावर छापलं होतं चौसष्ट.
पोटात होते आठ.
भरल्यावर ते थांबलं नाही, कुरकुरलं नाही,
आधीच्यावर पुढचं लिहीत गेलं मुकाट.
रात्री दोनला कॉम्प्युटरवर पंगत होती.
पंगत, मग पंगत,
वरण-बट्टी वाढणारे हात, तुपाची धार.
हार नव्हता.
अंतरपाट नव्हता.
फाइलींची नावं होती ओळीनं,
उघडली की करड्या पट्ट्या.

सकाळी गेलो. चप्पल काढली आणि पाय उंबरा ओलांडेना.
चिंधूअण्णा ओट्यावर दात घासत होते.
ऐकून घेतलं. चूळ भरली.
म्हणाले, "लगन तं लागलं ना बा पोरीचं?
मंग फोटोले काय, पुन्हा लावू."

मंजूषा पाचपरतावनाला आली, तेव्हा शालू पुन्हा नेसली.
जावयाला रजा नव्हती, त्याची शेरवानी आली पिशवीतून.
ती घातली तिच्या धाकट्या भावानं, आणि राहिला पाठमोरा उभा.
भावाच्या गळ्यात हार कसा घालायचा?
तिनं तो हवेतच धरला, मानेपासून वीतभर वर,
आणि हसू फुटलं तिला, दोन्ही हात थरथरेपर्यंत.
लग्नाच्या दिवशी ती एकदाही हसली नव्हती.
मला माहीत आहे. मी दिवसभर तिच्याकडेच बघत होतो, एका डोळ्यानं.

तो फोटो आज त्यांच्या बैठकीत आहे, टीव्हीच्या वर.
येणारा-जाणारा म्हणतो, काय पकडलंय बुवा!
गोरज मुहूर्त, आणि सावल्या सकाळच्या.
अजून कुणी विचारलं नाही.
जावई विचारील कधीतरी, असं मला वाटत राहतं;
त्याची उंची त्यात दोन बोटं कमी आहे.

तेव्हापासून दोन कॉपी. एक दुकानात, एक घरी गव्हाच्या कोठीजवळ.
दोन्ही उघडून बघितल्यावरच पुसायचं,
तेही कॅमेऱ्यात, एकदम. निंदणी केल्यासारखं
एकेक फोटो उपटत बसायचं नाही.
बटण दाबताना मी अजूनही थांबतो थोडा.
पार्टीला वाटतं, बॅटरी बघतोय.

हे खाली, फोमच्या चिरेत? ते नववं.
त्याला आकडा नाही. ते उलटं नाही, सुलटंही नाही,
उभं खोचलंय.
हात नको लावू.

चल, गाडी लागली. कॅमेरा छातीशी धर, खिडकीकडे नको.
आणि तुझ्या शर्टाच्या खिशात काय वाजतंय?
सुटं कार्ड?
चिल्लरीत?
सुलटं का उलटं?