अर्थ लागंना

सोलापुरात धुकं कुठलं बे, म्हणाला राजेशम,
इथं डांबर वितळतंय.
त्याला काय सांगू
जानेवारीतली तामलवाडीजवळची ती पहाट.
हिप्परग्याचा तलाव उठून
रस्त्यावर येऊन बसलेला,
मी घाबरून हाय बीम टाकला
आणि माझाच उजेड
पांढरी भिंत होऊन माझ्या डोळ्यांवर परतला.
भिंतीतून निघाली उसाची ट्रॉली.
लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
टोकाला बांधलेली एक चिंधी तेवढी.
वीतभर अंतर राहिलं.
मागच्या सीटवर टॉवेलांचे गठ्ठे
एकमेकांवर कोसळले, एवढंच.

म्हणून ही साडेआठशेची जोडी.
पिवळी काच, खोक्यावर चिनी अक्षरं
आणि कागदावर एक नकाशा:
तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी.
रिलेच्या चार पायांची नावं,
आमच्या घरकुलातल्या खोल्यांच्या नंबरांसारखी,
मधले कुठं गेले कुणाला विचारायचं नाही.

रविवार. वॅगनआर कडुलिंबाखाली.
बंपर उतरवताना तीन क्लिपा तुटल्या,
चौथी मी तोडली.
ड्रिल हेमंत बोल्लीचं, वीज आमच्या खिडकीतून,
त्यापायी मिक्सर बंद
आणि शेंगाचटणी पुन्हा उखळात.

वायर डॅशबोर्डखालून इंजिनात न्यायची.
पेडलांच्या वर, पत्र्यात, एक रबरी बूच,
बुचापर्यंत दोन बोटांची वाट.
माझी मूठ जाईना, राजेशमची तर नाहीच,
तीस वर्षं लूमचे नट फिरवून
पंजा पान्यासारखा झालेला.
आई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
हजारातल्या सहाशे विड्या झालेल्या.
तिनं सूप ठेवलं, हात पदराला पुसला,
गाडीत आडवी होऊन आत घातला,
आणि विडीचं तोंड मुडपतात ना
तसं नखानं वायरचं टोक पलीकडं लोटलं.
प्लास्टिकचे टाय संपले तेव्हा
तिनंच विडीचा दोरा काढला,
दर चार बोटांवर गाठ देत गेली,
गाठ दिसू नये अशी गाठ.
मध्येच थांबून विचारलं,
कितीचा कट्टा करू?

अंधार पडला. स्विच दाबला.
रिले टिक्क म्हणाला.
डावा लागला, उजवा मुका.
फ्यूज बघितला, बल्बांची अदलाबदल केली.
राजेशम बोल्टाशी वाकून बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, अर्थ लागंना बे.
मी हसलो. का हसलो ते त्याला कळलं नाही.
बोल्टाखाली कंपनीचा रंग होता,
चकचकीत, जाड,
रंगातून करंट माघारी जात नाही.
पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो
पत्रा उघडा पडेपर्यंत.
मग लागला.

हे दिवे खाली लावतात, गुडघ्याच्याही खाली.
धुकं म्हणे जमिनीला पुरतं टेकत नाही,
त्या फटीतून उजेड सरकवायचा.
लांबचं काही दिसत नाही.
पुढची वीस पावलं दिसली तरी पुष्कळ.

शेजारच्या भिंतीवर खडूची रेघ मारून
मी काचा खाली वळवत होतो,
तेवढ्यात आईनं दारात
उद्याचा तंबाखू चाळायला घेतला.
दोन पिवळ्या पट्ट्यांत
भुरकट काहीतरी उठलं, सावकाश,
तिच्या गुडघ्यांपासून नाकापर्यंत,
आणि तिथंच राहिलं.
चौतीस वर्षं मी याच दारातून ये-जा करतोय.

आलं की बे धुकं, राजेशम म्हणाला.
आई खोकली, डोळ्यांवर आडवा हात धरला,
तेलुगूत म्हणाली, बंद कर ते, बॅटरी उतरेल.

मी आणखी थोडा वेळ चालू ठेवले.